अमावास्येला उघडलेलं कुलूप

किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला होता म्हणून बरं, नाहीतर माझ्या लेकानं, शिवानं, सासुरवाडीला जाताना तोही नेला असता.

"अक्का, आज कारखान्याचं कुलूप काढायचं नाही," मोटारसायकलवर बसता बसता तो म्हणाला. "अमावास्या आहे."

"अमावास्या तुझ्याआधी मला कळते."

"आणि उद्या सकाळी सुरतेचा माणूस येतोय. त्याचं तयार सॉफ्टवेअर, त्याचंच नवं मशिन. आण्णांच्या जुन्या यंत्राचं ते धूड भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तू मध्ये बोलू नको."

"मी कुठं मध्ये बोलते? मी आधीच बोलते."

त्याची बायको मागं बसल्या बसल्या पदरात तोंड घालून हसली. तो हसला नाही. गाडी वळणाआड गेली तशी मी कमरेचा जुडगा काढला आणि बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या अरिफाला हात केला.

आम्ही देवांग कोष्टी. अमावास्येला माग चालवायचा नाही, हे आमच्यात पोरांना शिकवावं लागत नाही. त्या दिवशी इचलकरंजीतली आमची गल्ली अशी गप्प असते की चार घरं पलीकडची फोडणी ऐकू येते. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून अमावास्येला कारखान्याचं दार कुणी उघडलेलं नव्हतं. ह्यांनी नाही, शिवानं नाही. उघडलं ते मी. कुलूप काढताना मी चौंडेश्वरीला मनात म्हटलं, माग चालवत नाही बाई, नुसती बघायला आलेय. देवीला पटलं की नाही ठाऊक नाही. मला तरी पटलं नाही.

अरिफा मागच्या बोळातल्या मोमिनांची नात. तीही विणकराचीच, पण त्यांचा माग शुक्रवारी बंद, आमचा अमावास्येला. तिची आजी आणि मी नळावर वर्षानुवर्षं भांडलो. ती गेली तेव्हा मला नळावर जावंसं वाटेना. ही पोरगी शिकून पुण्याला नोकरीला लागली होती आणि भावाच्या लग्नाला म्हणून आली होती. लग्नघरात मी तिला गाठलं आणि विचारलं, "तू कॉम्प्युटरचं नक्की करतेस काय?"

"एका जातीच्या मशिनवर चालणारे प्रोग्राम दुसऱ्या जातीच्या मशिनवर चालते करते."

"म्हणजे नांदवतेस."

"हां, तसंच म्हणा."

"मग आमचं एक नांदव."

शिवाचे आण्णा, म्हणजे आमचे हे, एका गिरणीत नक्षीकार होते. काठ-पदराची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायची आणि तिच्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. कुठला दोरा वर उचलायचा ते जकार्डचा माग त्या भोकांवरून ओळखतो. गिरणीनं ह्या कामासाठी परदेशी यंत्र आणलं होतं. गिरणी बंद पडली तेव्हा हे ते लिलावातून घरी घेऊन आले. त्यात युनिक्स होतं. हा शब्द मी तेव्हापासून ऐकतेय, पण ते काय असतं हे अजून मला कुणी धड सांगितलेलं नाही. ह्यांनी कॉलेजातल्या एका मास्तरांच्या घरी खेटे घालून स्वतः प्रोग्राम लिहिला. नक्षी त्यात भरायची की कार्डं भोकं पडून बाहेर.

हे घरात बोलायचे नाहीत. वाढलं की "हं", पुरे झालं की "हं". माझ्यासारखीच्या पदरात असला नवरा घालून देवानं काय साधलं देव जाणे. पण त्या प्रोग्राममध्ये मात्र ह्यांनी भरभरून बोलणं घातलेलं. अक्षरं इंग्रजी, बोलणं आपलं. काठ चुकीचा भरला की पडद्यावर यायचं, "दोरे मोज, मग बोल." कार्ड अडकलं की, "ओढू नको, सासऱ्याचं नाही ते." शिवा वैतागून मोठ्यानं वाचायचा आणि मी बाहेर सुताच्या कांड्या भरता भरता ऐकायची. हे जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कारखान्यात दिवसातून चारदोनदा त्यांचा दम ऐकू यायचाच. सुरतेच्या सॉफ्टवेअरला असा दम देता येतो का, मी शिवाला विचारलं होतं.

"अक्का, ते इंग्रजीत सॉरी म्हणतं," तो म्हणाला.

आता ते यंत्र थापा मारल्याशिवाय उठायलाच मागत नव्हतं. ऐन ऑर्डरीत बंद पडलं तर माग रिकामे, हे शिवाचं म्हणणं खोटं नव्हतं. मी म्हटलं, यंत्र जाईना का, बोलणं राहिलं पाहिजे. शेवटी आमच्यात ठरलं. सुरतेचा माणूस दारात यायच्या आत आण्णांचा प्रोग्राम शिवानं हिशेबाला घेतलेल्या नव्या कॉम्प्युटरवर चालला तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवायचा. नाही चालला तर मी गप्प बसायचं. मी गप्प बसणं म्हणजे काय, ते माझ्या शेजारणींना विचारा. आणि अरिफाला लग्नाच्या गडबडीतून सवड झाली ती नेमकी अमावास्येला.

जुन्यातलं सगळं तिनं आधीच तारेनं नव्यात ओढून घेतलं होतं. आता ती नव्यासमोर बसली. मी दाराशी उभी राहिले.

"अक्का, बसा की."

"तू कर तुझं."

काही वेळ नुसता बोटांचा आवाज. मग ती म्हणाली, "आण्णांनी मेकफाइल फार नीटस लिहिलीय."

"ती काय असते?"

"कृती असते. आधी हे शिजव, मग ते, मग दोन्ही एकत्र कर. प्रोग्राम असाच तुकड्या-तुकड्यांनी बनतो. पण ह्या कृतीत डब्यांच्या जागा जुन्या घरातल्या आहेत. मीठ डाव्या फळीवर, म्हणतायत आण्णा. नव्या घरात डाव्या फळीवर मीठ नाही. काही डबे तर मुळातच नाहीत. ते युनिक्स, हे लिनक्स. एकाच कुळातले, पण चुलत."

"मी माहेराहून, कर्नाटकातल्या रबकवीहून, इथं आले तेव्हा माझीही हीच गत. पहिल्याच आठवड्यात आमटीत गूळ घातला. सासूबाईंनी ताट सरकवलं."

"मग?"

"मग काय, वर्षभरात सगळं घर गूळ घालून खायला लागलं."

अरिफा हसली. "तुम्ही घरच बदललंत की. मला बिचाऱ्या प्रोग्रामलाच बदलावं लागतं."

मध्येच पडदा ओळींनी भरून गेला. मी लांबूनच विचारलं, "ह्या शिव्या कुणाच्या?"

"कंपायलरच्या, प्रोग्राम शिजवणाऱ्याच्या. आण्णांच्या नाहीत."

"वाटलंच. दम नाही त्यात."

ती एकेक ओळ बघायची, कृतीत काहीतरी बदलायची, पुन्हा चालवायची. पुन्हा शिव्या, पण मघापेक्षा कमी. मी म्हटलं, "सगळं एकदा वाचून का काढत नाहीस?"

"आमच्या कामात सगळं कुणी वाचत नाही, अक्का. जिथं अडतं तेवढंच उघडायचं. नाहीतर मी इथंच तुमच्याएवढी होईन."

"होशील तेव्हा कळेल."

दुपार कलायच्या आत शिव्या संपल्या. अरिफानं हात वर करून आळस दिला. "बनला. आता चालवूया. कुठला काठ घालू?"

"रुईफुलाचा घाल. ह्यांचा हात त्यावर बसलेला."

तिनं रुईफूल भरलं आणि बटण दाबलं. भोकं पाडायच्या मशिनीला नव्याची तार जोडलेली होती. मशिन हललं नाही. पडद्यावर काही आलं नाही. दोरे मोज नाही, मग बोल नाही. एक रेघ लुकलुकत राहिली, दुसरं काम सांगा म्हणून.

"हे काय?"

"बाहेर पडला," अरिफा म्हणाली. "चालू झाला आणि लगेच बाहेर पडला."

"काही न बोलता?"

"एक शब्द नाही."

माझं काही फार चुकलं असलं की हे असेच उठायचे, भरल्या ताटावरून, "हं"सुद्धा न म्हणता. मी दाराच्या कडीला धरलं. कुलूप काढलं होतं ते मीच. अरिफाला काय सांगणार? तिच्या घरी शुक्रवार.

तिनं खूप डोकं घातलं. म्हणाली, काही मशिनं आकडे उजवीकडून वाचतात, काही डावीकडून, तिथं घोळ असेल. तो नव्हता. म्हणाली, मशिनीची तार नीट नसेल. तार नीट होती. लग्नघरातून तिला बोलावणं आलं, तिनं "आले" म्हणून पोराला परत पाठवलं. ऊन उतरून मागांच्या पायांशी आलं. प्रत्येक वेळी तेच. रुईफूल घ्यायचा आणि न बोलता निघून जायचा.

"तुझ्या आजीच्या नातीला एवढं जमेना?" मी म्हणाले. मला बोलायचं नव्हतं तसं, पण भीती वाटली की माझी जीभ आधी धावते.

ती चिडली नाही. खुर्ची फिरवून बसली. "अक्का, आता एकच राहिलं. हाच काठ जुन्यावर चालवून बघायचा. तिथं चालला तर चूक माझी."

"जुन्याला आज हात लावायचा नाही."

"का?"

"उठलंच नाही तर?"

"उद्या भंगारात जाणारच आहे ना? मग आज नाही उठलं तर काय बिघडतंय?"

नळावर तिची आजीही अशीच. बोलायला जागा ठेवायची नाही. मी मान हलवली आणि ती उठली.

शिवा मारतो तशीच थाप तिनं त्या धुडाच्या अंगावर मारली. आत पंखा खरखरला, थांबला, पुन्हा खरखरला. मग पडदा हळूहळू उजळला.

"तारीख विचारतंय," अरिफा म्हणाली. "घड्याळाची बॅटरी मेलीय ह्याची." तिनं तारीख घातली. "आता नाव विचारतंय. आण्णांचं नाव काय?"

"मी घेत नाही."

"अक्का!"

"भिंतीवर फोटोखाली लिहिलंय. वाच आणि घाल."

तिनं मान वळवून वाचलं, नाव घातलं, मशिनीची तार काढून जुन्याला लावली, प्रोग्राम चालू केला. रुईफूल भरलं. बटण दाबलं.

मशिन हललं नाही. पण पडदा एकदम स्वच्छ काळा झाला आणि वरच्या बाजूला अक्षरं उमटली. अरिफा वाकली. वाचलं. मग कपाळावर हात मारून अशी हसायला लागली की मला वाटलं पोरीला झालं काय!

"अक्का, आज काय आहे?"

"शनिवार."

"तसं नाही. आज अमावास्या आहे का?"

मी कडी घट्ट धरली. "तुला कुणी सांगितलं?"

"ह्यानं सांगितलं. 'आज अमावास्या. माग बंद.' असं लिहिलंय इथं. आण्णांनी चंद्राचं गणित घातलंय आत! अमावास्या असली की कार्ड पाडायचं नाही. कुणी सांगितलं तरी नाही." ती नव्याकडे बोट करून बोलू लागली, भरभर, लहान पोरीसारखी. "म्हणजे तो दुपारपासून हेच म्हणत होता! पण निरोप धाडत होता ह्या जुन्या पडद्याच्या नावानं. त्या नावाचा पडदा नव्यात नाही, म्हणून निरोप वाऱ्यावर. अक्का, माझं काही चुकलेलं नाही. दोघंही सारखेच वागतायत. उद्या चालवा, उद्या चालणार!"

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कसं असणार? अमावास्येला दार उघडल्याशिवाय ते कळायचंच नव्हतं, आणि दार उघडणारं ह्या घरात कुणी नव्हतं. मला हसू यायला हवं होतं. देवीचा कोप नाही, ह्यांचा राग नाही, पोरीची चूक नाही. उद्या सुरतेच्या माणसाला चहा. पण माझी कडी सुटेना.

अरिफा पुन्हा पडद्याकडे वळली. "खाली अजून आहे." तिचं हसू ओसरलं. ती अडखळत वाचू लागली आणि थांबली. "ही नीलव्वा कोण, अक्का?"

ह्या गावात मला अक्का म्हणतात. रेशनकार्डावर सुमित्रा आहे. सासूबाई सुमी म्हणायच्या, रागावल्या की रबकवीची म्हणायच्या. माहेरची नीलव्वा रबकवीतच राहिली होती, आई-अप्पांपाशी, आणि ती दोघं गेली तेव्हा तिला हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सुमित्रा हे नाव लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं होतं ते ह्यांनीच. त्यानंतर ह्यांनी मला ना सुमित्रा म्हटलं ना दुसरं काही. "अगं" म्हणायचे, तेही क्वचित. बाकी "हं".

"आहे एक," मी म्हणाले. "तू वाच."

अरिफानं वाचलं.

"'नीलव्वा, तूच असणार. दुसऱ्या कुणाची छाती नाही. बस जरा. उद्या कर.'"

मी बसले. कशावर बसले ते बघितलं नाही. कांड्यांची टोपली होती बहुतेक.

पोरगी हुशार. तिनं पुन्हा विचारलं नाही. नव्याच्या पडद्याकडे वळून ती हळू म्हणाली, "निरोपाला नव्या पडद्याचं नाव घालते मी. म्हणजे नव्यातही दिसेल."

"पहिल्या ओळीला घाल. 'आज अमावास्या, माग बंद.' शिवाला आणि गड्यांना तेवढं बास."

"आणि खालचं?"

"नव्यातून काढून टाक."

"अक्का, हे जुनं एक दिवस उठायचंच नाही. मग ते कुठंच राहणार नाही."

"म्हणून काय गड्यांच्या तोंडी घालू? उद्या एखादा अमावास्येला दार उघडेल आणि मोठ्यानं वाचेल. ते ह्या घरातलं बोलणं आहे. चुलत्याच्या घरी न्यायचं नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि सांगितलं तसं केलं.

दुसऱ्या दिवशी नव्या कॉम्प्युटरवर रुईफुलाची कार्डं खटाखट पडली. मध्ये एक अडकलं तशी ओळ उमटली, आणि शिवानं सवयीनं मोठ्यानं वाचली, "ओढू नको, सासऱ्याचं नाही ते." सुरतेच्या माणसानं विचारलं काय लिहिलंय, तर शिवाला सांगता येईना. त्या दिवशी मात्र तो हसला, अगदी पोट धरून. माणूस चहा पिऊन गेला. भंगारवाल्याला मी दारातूनच फिरवला. जुनं धूड कोपऱ्यात राहिलं, धुतलेलं पातळ पांघरून. पुढच्या अमावास्येला मी एकटीच गेले आणि थाप मारली. पंखा खरखरला आणि थांबला. त्यानंतर तो खरखरलाही नाही. अजून जाते मी. बटण दाबते, थोडा वेळ बसते, येते.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी अरिफा लग्नघरी जायला उठली, ओढणी सारखी केली, पडदा बंद करायला हात पुढं केला.

"थांब," मी म्हणाले. "मला ती इंग्रजी अक्षरं येत नाहीत. जायच्या आधी परत एकदा वाच."

तिनं वाचलं.

"असं नाही. फार सावकाश वाचतेस, शाळेतल्यासारखं. ते बोलले तर भरभर बोलायचे. शेवटचा शब्द तोंडातच ठेवायचे."

ती पुन्हा बसली. पुन्हा वाचलं, भरभर.

"आवाज जरा खाली. आणि माझ्याकडे बघू नको वाचताना. ते बघायचे नाहीत."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. "नीलव्वा, तूच असणार," ती म्हणाली, खालच्या आवाजात, भरभर, भिंतीला सांगितल्यासारखं. "दुसऱ्या कुणाची छाती नाही. बस जरा. उद्या..."

"जवळ आलंय," मी डोळे मिटून म्हणाले. "परत."